लाईट जाऊन आली तर

आप्पा, तुमची नात तुम्ही पाहिली नाहीत. ती पुण्यात कॉम्प्युटरवर संशोधन करते. दिवाळीला आली होती. चार दिवसांपूर्वी ती गेली, तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. भाजी निवडायला घेते आणि तशीच ठेवून उठते. वाचायला काढलेलं पुस्तक त्याच पानावर आहे.

तिचं काम तिनं मला स्वयंपाकघरात समजावलं, ओट्यावर तीन डबे मांडून. "आई, ही तीन मशीनं. लांब लांब ठेवलेली. एकाला जे कळलं ते तिघांनाही कळायला हवं, नाहीतर प्रत्येक जण वेगळंच उत्तर देणार." असे प्रोग्रॅम लिहिताना माणसं चुकतात. ते चालवायच्या आधीच वाचून चूक दाखवणारं साधन तिनं तीन वर्षं खपून बनवलं. त्यावरचा लेख एका मोठ्या परिषदेत मंजूर झाला होता, आणि त्यावरच तिची पीएचडीची पदवी अवलंबून होती. मी पोळी लाटता लाटता विचारलं, "आणि मधल्या डब्याची लाईट जाऊन आली तर?" ती म्हणाली, "गेली तर बाकीचे दोघं सांभाळतात." "अगं, गेल्यावरचं नाही, आल्यावरचं विचारतेय. त्याला वाटणार की, आपण थांबलो तिथंच जग थांबलंय." ती हसली. "बघा, आमची आई गाईड झाली!" मग ताटातली पोळी टाकून तिनं लॅपटॉप उघडला. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाली, "माझं साधन तिथं आंधळं आहे, आई. ज्या प्रोग्रॅमला मी लेखात निर्दोष म्हटलंय, तोच तिथं चुकतो."

तो प्रश्न माझा नव्हताच, आप्पा, तुमचा होता. मी बारा वर्षांची, अक्कलकोट रोडच्या यंत्रमागाच्या कारखान्यात तुमचा डबा घेऊन आले आहे. लाईट गेलेली, सगळे माग मुके. तुम्ही हात धुवायला जाता आणि लाईट येते. माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरची पोरगी मी, मला वाटतं आपणही मदत करावी, म्हणून जवळच्या मागाचा चालू करायचा दांडा ओढते. आडवा धागा नेणारा धोटा मध्येच अडकलाय हे मला कुठलं माहीत! धागे तटातट तुटतात. तुम्ही ओल्या हातांनी धावत येता. "लाईट आली म्हंजे माग सुरू करायचा न्हाय! आदी धोटा कुटं थांबलाय ते बगायचं. कळतंय का?" शेजारच्या मागावरचा कामगार म्हणाला, "जॉबर, लाईटनं तोडलं म्हनून सांगा की. कोन बगतंय?" तुम्ही सरळ शेठकडं गेलात. "माज्या पोरीनं केलंय. चूक माजी हाय," म्हणालात. मग संध्याकाळपर्यंत आपण दोघं एकेका धाग्याला गाठ मारत बसलो.

हे सगळं आठवत असूनही, तिनं "आई, काय करू?" विचारलं तेव्हा मी म्हणाले, "कुणाला कळलंय का?" "नाही." "मग गप बस की. पदवी घे, नंतर दुरुस्त कर." तिनं लॅपटॉप मिटला. तिचे वडील गेले तेव्हा तिची शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर होती. तेरावं झालं आणि तिसऱ्या दिवशी ती पेपरला जाऊन बसली. या पोरीच्या हातून आता आणखी काही जाऊ नये, एवढंच मला दिसत होतं.

आज सकाळी फोन आला. तिनं गाईडबाईंना सांगितलं, लेख मागे घेतला. पदवी वर्षभर तरी लांबली. बाई आधी रागावल्या, मग म्हणाल्या, पुन्हा करू. "आणि आई, प्रश्न कुणी विचारला तेही मी सांगितलं. नव्या लेखात तुझे आभार मानायचेत म्हणतात." तिचा आवाज किती हलका झाला होता. मी म्हणाले, "बरं केलंस."

हे पत्र तिला दाखवायचं नाही आणि तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून खरं लिहिते. फोन ठेवल्यावर मला अभिमान वाटायला हवा होता. वाटला नाही. रडू आलं, तेही तिच्या त्या वाया गेलेल्या वर्षासाठी. "बरं केलंस" म्हणाले खरी, पण आप्पा, मनातून म्हणायला मला अजून जमलेलं नाही.