भांडुपला चार दिवस, ओवीसकट

२३ एप्रिल, गुरुवार

पोचलो! बसने मुलुंड चेकनाक्याला सोडलं आणि समोर सुषमा, रिक्षा थांबवून, दोन्ही हात वर करून ओरडतेय. नाशिकच्या हॉस्टेलला एका खोलीत राहिलेलो आम्ही, आणि लग्नानंतर आज पहिल्यांदा तिच्या घरी. "जाडी झालीस गं!" भर रस्त्यात म्हणाली. तीच ती. एवढं बरं वाटलं ना.

भांडुप, सातवा मजला, लांबलचक पॅसेज, सगळ्यांची दारं सताड उघडी. माझा कबीर दीड वर्षाचा, पण पोचल्या पोचल्या शेजारच्या घरात घुसून त्यांची चपाती घेऊन आला. त्याची ताई ओवी माझ्या ओढणीत लपलेली. सु.चा स्वराज सहा वर्षांचा, तोंडाचा पट्टा चालू. "हिचं नाव काय? ही बोलत नाय?" नाव मी सांगितलं. वय सांगितलं. आवडता रंगसुद्धा.

सु.ला सोमवारचं सांगून टाकलं. ओवी घरात दिवसभर बडबडते, उंबऱ्याबाहेर एक शब्द नाही. नव्या शाळेच्या बाई म्हणाल्यात, सोमवारी आणा, थोडं तरी बोलली तर पहिलीत घेऊ. नाहीतर... जाऊ दे. मजा करायला आलेय.

२४, शुक्रवार

सु.च्या सासूबाई मालवणच्या. सकाळी घावणे आणि नारळाचा रस, अहाहा! ओवी खातच सुटली. "चेडवाक आवडले दिसतत! आणखी देव?" त्यांनी ओवीला विचारलं. मी म्हटलं, "द्या, आवडतात तिला."

सु.ने डोळे वटारले. "आईंनी तिला विचारलंय ना? तू ओवी आहेस का?"

राग आला. खरंच आला. हिच्या घरात प्रश्न काय, तर स्वराजला गप्प कसं बसवायचं. हिला काय कळणार?

संध्याकाळी पॅसेजमध्ये लपाछपी. ओवी गेली! आपणहून! मी दाराआड, चोरासारखी. ज्याच्यावर राज्य त्याच्या पाठीत थाप मारून "धप्पा" ओरडायचं. ओवीने स्वराजला थाप मस्त मारली, ओरडली नाही. पोरांचं भांडण. शेवटी स्वराजने तोडगा काढला, "ही कच्चा लिंबू. हिच्यावर राज्य नाय, हिचा धप्पा पण धरायचा नाय."

मला तर हायसं वाटलं. ओवी घरात आली ती थेट बाथरूममध्ये, आणि ढसाढसा रडली. "मी कच्चा लिंबू नाहीये." परत परत तेच. म्हटलं, थांब, मी सांगते त्यांना. तर आणखीच रडली.

२५, शनिवार

सकाळी मॉल. कबीरची उलटी, माझ्या नव्या कुर्त्यावर. झकास.

रात्री लिहितेय. बोलली!!!

राज्य स्वराजवर. ओवी चपलांच्या रॅकमागून आली, थाप मारली आणि ओठ हलले. मला ऐकू आलं, देवाशप्पथ! स्वराज म्हणे, "ऐकू नाय आलं." मी निघालेच सांगायला, म्हणाली ती, म्हणून. सु.ने दंड धरला, वळ उठलाय. "थांब यार. तू नको जाऊस."

पोरंही थांबलेली. आणि मग ओवी, "धप्पा! धप्पा! धप्पा! बहिरा आहेस का?" समोरच्या काकू बाहेर आल्या. आम्ही दोघी किचनमध्ये गळ्यात पडून रडतोय आणि सासूबाई घाबरून, "कोण गेलो काय गो?"

जेवताना सु.च्या नवऱ्याने कौतुकाने विचारलं, "ओवीबाई, कोण जिंकलं?" ओवीची नजर ताटात. उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं, वर भाताचा घास कोंबला. मघाचा आनंद आहेच, पण भीतीही. सोमवार काही लांब नाही.

२६, रविवार

बसमध्ये. दोन्ही पोरं झोपलीत.

निघताना सु. म्हणाली, "उद्या बाईंसमोर तू तोंड बंद ठेव."

"आणि ती बोललीच नाही तर?"

"तर नाही बोलली. एक वर्ष जाईल. पण तू बोललीस तर मला फोन करू नकोस." एवढं खडसावलं आणि मग स्वतःच रडायला लागली. दिवाळीत नाशिकला यायचं कबूल केलंय. वाट बघणार.

चेकनाक्यापर्यंत रिक्षा केली. रिक्षावाले काका वयस्कर, बोलके. आरशातून बघत, "काय गं, नाव काय तुझं?"

ओवीने माझ्याकडे बघितलं, नेहमीसारखं. मी बाहेर बघायला लागले. हिने ओढणी ओढली. मी बाहेरच. एवढं अवघड काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

"नावच नाही होय तुला?"

"आहे," ओवी म्हणाली.

मी दुकानांच्या पाट्या वाचत राहिले.

"मग सांग की."

"थांबा ना. सांगते."

काका हसले, थांबले. सिग्नल सुटला, एक वळण गेलं, चेकनाका आला. उतरलो. तिने काही नाव सांगितलं नाही.

मीही नाही सांगितलं.