डिकीत खुर्ची मावते

ठकू,

आईची चाकांची खुर्ची दारामागे दिसली नाही तर घाबरू नकोस. दवाखान्यात देऊन टाकायला मीच नेलीये. ती गेल्यापासून महिनाभर तू मागे लागली होतीस, आज एकदाचं जमलं.

सकाळी ती नवी गाडी चालवून बघून आलो. आईसाठी शोरूममध्ये घेतलेली वेळ रद्द करायची राहून गेली होती. तिथून फोन आला आणि नाही म्हणवेना. खुर्चीही सोबत नेली. का, ते विचारू नकोस. महागड्या गाड्यांतली सगळ्यात छोटी, पण घडी केली की खुर्ची डिकीत आरामात मावते. सीट बरोब्बर तिच्या कमरेइतकी उंच, वाकावं लागलं नसतं. छत उघडतं म्हणे, मला काय करायचंय त्याचं! मी आपला खड्डे शोधत हिंडलो. शोरूमच्या माणसाला मुद्दाम मागे, तिच्या जागी बसवलं, धक्के लागतात का ते सांगायला. आपल्या गाडीत ती प्रत्येक खड्ड्याला कळवळायची. इथे काही कळलंसुद्धा नाही.

दूध ओट्यावर आहे, फ्रिजमध्ये ठेव. त्यांचा फोन आला तर गाडी नकोय म्हणून तूच सांग, माझ्याच्यानं बोलवणार नाही. शोरूमकडे परत येताना गतिरोधक आला आणि मी सवयीनं म्हणालो, "धरून बस गं."

हसला नाही तो. मागून हळूच म्हणाला, "धरलंय, काका."

बाबा