‘दोघांचं’ नावाचा फोल्डर

४ मार्च, मंगळवार
बायको म्हणाली, या घरात दोघांचं असं काही उरलंच नाही. रविवारी ती बहिणीकडे राहायला जाणार. कायमची, असं म्हणाली. रागात माणूस बोलतो.
मुद्दा मात्र रास्त आहे. लग्नानंतर तिच्या कॉम्प्युटरवर मी ‘दोघांचं’ नावाचा फोल्डर केला होता, दोघांचे फोटो त्यात. तो माझ्या मशीनवरून उघडतच नाही. दोन्ही मशीनवर लिनक्स सिस्टिम, मध्ये एक भिंत. ती पाडणं माझ्या डाव्या हातचा मळ. फोल्डर सुरू झाला की जाण्याचं कारणच उरत नाही.

५ मार्च
परमिशन डिनाइड. तिच्या मशीनवरच्या माझ्या खात्याचा पासवर्ड चुकतोय. लग्नाची तारीख ठेवली होती. तीन तारखा टाकून पाहिल्या. बायकोला विचारणं बरं दिसत नाही.

६ मार्च, संध्याकाळ
फायरवॉल बंद केली. केबल बदलली. राउटर रीस्टार्ट केला तेव्हा ती मीटिंगमध्ये होती. दारात येऊन म्हणाली, काय चाललंय तुझं? म्हटलं, आपल्यासाठीच चाललंय. तिने दार लावून घेतलं.
पिंग केलं, म्हणजे तिच्या मशीनला नुसती हाक मारली, की मात्र लगेच उत्तर येतं. म्हणजे संवाद आहे.

७ मार्च
ऑफिसमधल्या सिस्टिमवाल्याला विचारलं. म्हणाला, अरे, वहिनींच्या खोलीत जाऊन त्यांच्या मशीनवर बघ ना. म्हटलं, त्यात काय कसब? रिमोटनेच जमायला हवं. तो मान हलवून आपल्या स्क्रीनकडे वळला. जळतो मेला.

८ मार्च
मेव्हणी रिकामी खोकी घेऊन आली. दोघी कपाट आवरत होत्या. बायको म्हणाली, वरची बॅग काढून देतोस का? म्हटलं, आलोच, एवढं झालं की. ते झालं नाही. बॅग मेव्हणीने स्टुलावर चढून काढली.
डोळे सारखे पुसतोय. राउटरमागे धूळ फार आहे.

९ मार्च, रविवार
नाइलाजाने तिच्या मशीनसमोर बसलो. ती म्हणाली, लवकर आटप, तेही पॅक करायचंय.
फोल्डर जागेवर होता. फोटोही सगळे. प्रत्येक फाइलपुढे मालकाचं नाव दिसतं. तिच्या फाइलींपुढे तिचं होतं. माझ्या फाइलींपुढे नाव नाही, नुसता आकडा, १००१.
सिस्टिमवाल्याला फोन केला. म्हणाला, मशीनवरून एखाद्याचं खातं काढून टाकलं की त्याच्या फाइली राहतात, नाव जातं. आपोआप होतं का, विचारलं. नाही म्हणाला, कुणीतरी काढावं लागतं.
बायकोला विचारलं. तिने काही लपवलं नाही. म्हणाली, लग्नाच्या वाढदिवसाला तू राउटर आणलास ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझं खातं काढलं. वाटलं होतं, आठवड्याभरात तुझ्या लक्षात येईल.
त्याला नऊ महिने झाले.
तिच्या मशीनचं खोकं मीच गाडीपर्यंत नेऊन दिलं. वर आलो आणि तिच्या खोलीत जमिनीवर बसून रडलो.