बाळाबद्दल कुणी बोलत नाही

ता. ६ डिसेंबर १९३७, सोमवार

बांगड्या वाढवाव्या लागल्या. साबण लावला, तेल लावलं — मनगटावरून हलेनात! शेवटी सासूबाईंनी एकेक वाढवली. मोकळा हात नको म्हणून हळदीचा दोरा बांधला. संध्याकाळपर्यंत तोही रुतला.

आठवा महिना. पायावर बोट दाबलं की खड्डा पडतो आणि तसाच राहतो. सासूबाई म्हणाल्या, "पाय त बठ्ठास्ना सुजतस." सगळ्यांचेच सुजतात म्हणे. पण हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

ता. ८ डिसेंबर

डोकं. सकाळपासून डोकं. सुंठ उगाळून लावली, काही नाही.

ता. ९ डिसेंबर

यांना म्हटलं, मला धुळ्याला नेऊन दाखवा. माहेर धुळ्यातच — पण आई नाही, आणि भावजय स्वतःच ओली बाळंतीण, म्हणून तर पहिलं बाळंतपण इथे साक्रीच्या रानात करायचं ठरलं.

हे म्हणाले, "दिपोटीसाहेब शाळा तपासायला यायचेत. ते येऊन गेले की लगेच नेतो."

"कधी येणार?"

"वीस-बावीस तारखेला."

शाळेत हे एकटेच मास्तर, यांचाही इलाज नाही. माणूस वाईट नाही. सगळ्या गावाची पत्रं लिहून देतात, कुणाचा अर्ज असो, कुणाची साक्ष असो — सही यांची. ही वही यांनीच आणून दिली. "लिहीत जा, अक्षर बिघडू देऊ नकोस."

वीस-बावीस तारीख. अकरा दिवस! मोजायला बोटं पुरत नाहीत, आणि बोटं तर मिटतसुद्धा नाहीत.

ता. ११ डिसेंबर, शनिवार

आज कळलं. कळायला नको होतं.

मी यांची दुसरी. पहिली — बायजा — बाळंतपणात गेली एवढंच लग्नाच्या वेळी सांगितलं होतं. शेजारच्या सुंदरबाई ज्वारी निवडायला आल्या होत्या. माझ्या तोंडाकडे बघून त्यांच्या हातातलं सूपच थांबलं. म्हणाल्या, "बायजाचं तोंडही असंच सुजलं होतं."

मग मी सोडलं नाही. सगळं काढून घेतलं. बायजाचं डोकं दुखत होतं. डोळ्यांपुढे अंधार यायचा. मग एकदम आकडी आली — दात घट्ट, डोळे वर. लोक म्हणाले, बाहेरचं आहे. भगत बोलावला. कुणीतरी गाडी जुंपायला निघालं तर सासूबाई आडव्या आल्या — घरातलं बाळंतपण घरातच होईल! दोन दिवस. मग बायजाही नाही, मूलही नाही.

याच माजघरात. ज्या बाजेवर मी झोपते तिच्यावरच?

विचारलं नाही. सुंदरबाई रडत होत्या. मला रडू येईना. बाहेर सासूबाई गोवऱ्या रचत होत्या आणि मी दारातून त्यांची पाठ बघत होते. या बाईच्या हातात माझा जीव आहे!

ता. १२ डिसेंबर, रविवार

अक्षरं दोन-दोन दिसतात. ओळीवर ओळ चढते. छातीच्या खाली मधोमध कळ येते, कुणी मूठ आवळावी तशी. सकाळी दोनदा उलटी.

हे साक्रीला गेलेत, शाळेचं सामान आणायला. दुपारपर्यंत येतो म्हणाले.

सांगायला हवं. सासूबाईंना का होईना, सांगायलाच हवं. डोळ्यांपुढे चमकतं आहे. आता उठते आणि

ता. २३ डिसेंबर, गुरुवार. धुळे

पेन्सिल धरता येते. वही कपड्यांच्या गाठोड्यातून आलेली.

वरचं वाक्य वाचलं. उठले होते की नाही, आठवत नाही. त्यानंतरचं काहीच आठवत नाही. नर्सबाईंना तारीख विचारली तेव्हा खोटंच वाटलं. अकरा दिवस माझे कुणी नेले?

दवाखान्याची खोली. खिडकीला काळं कापड लावलंय. उजेड नको, आवाज नको, हालचाल नको — डॉक्टरीणबाईंचा हुकूम. उजेडाने पुन्हा आकडी येते म्हणे. जीभ चावलेली, सुजलेली, बोलले की रक्ताची चव येते. कापडाच्या कडेने एक पट्टा उजेड येतो, त्यात वही धरलीय. नर्सबाई — प्रमिलाबाई त्यांचं नाव — पाचच मिनिटं म्हणाल्यात.

पोट सपाट आहे.

"बाळ?" मी विचारलं.

"आहे. झोपा."

ता. २४ डिसेंबर

हे आले. दाढी वाढलेली. माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत बोलत होते. बाराला दुपारी माजघरातच मला आकडी आली. संध्याकाळपर्यंत आठ. हे साक्रीतच असताना बैलगाडी तिथे पोचली, तिथून सर्विस मोटारीने धुळे. तेराला पहाटे डॉक्टरीणबाईंनी भूल देऊन, चिमटे लावून बाळंत केलं.

"दोघांपैकी एकाचीही हमी देत नाही म्हणाल्या. कागदावर सही मागितली. सही करताना माझा हात असा थरथरत होता..."

त्यांनी हात पुढे करून दाखवला. मला त्यांची दया आली.

"बाळ कसं आहे?"

"छान आहे."

"मुलगा की मुलगी?"

हे उठलेच! "तुला बोलू द्यायचं नाही, सांगितलंय त्यांनी." गेले. चप्पल घालायचीही विसरले, परत येऊन घातली, तेव्हाही वर बघितलं नाही.

बापाला मुलगा की मुलगी हे सांगता येऊ नये?

ता. २५ डिसेंबर

दूध येतंय. प्रमिलाबाई दोन्ही वेळा पिळून वाटीत काढतात, वर फडकं झाकतात आणि घेऊन जातात. "बाळाला मीच पाजते ना, आणा," म्हटलं. "अजून तुमच्या अंगात औषधं आहेत." मग हे दूध कुठे जातं? मोरीत?

सासूबाई एकदाही आल्या नाहीत. एकदाही!

ता. २७ डिसेंबर, सोमवार

कौतिक आला होता. आमच्या गाडीवरचा. दाराबाहेरूनच बोलला, आत यायला लाजत होता. त्याच्याकडून जे कळलं ते लिहून ठेवते, नाहीतर मलाच पुढे खरं वाटणार नाही.

मी पडले तेव्हा सुंदरबाईंनी आरडाओरड केली. लोक जमले. भगत आपण होऊन आला, त्याने अंगारा काढला. सासूबाईंनी त्याला हाताला धरून दाराबाहेर काढलं. गाव बघत राहिलं. मग त्या कौतिकला ओरडल्या, "गाडी जुप! आत्तेच्या आत्ते!" कुणी म्हणालं, मास्तरांना येऊ द्या. सासूबाई म्हणाल्या, "एक गयी. हाईले मी जाऊ देवाव नही."

कौतिक म्हणाला, हिला जाऊ देणार नाही असं आक्का — म्हणजे सासूबाई — बोलल्या तेव्हा सगळे खाली बघायला लागले. बायजाच्या वेळी कुणी गाडी जुंपली नव्हती, आणि ती अडवणाऱ्या याच होत्या, हे साऱ्यांना ठाऊक होतं.

चार कोस त्या गाडीत माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. जीभ तुटू नये म्हणून चमच्याला चिंधी गुंडाळून दातांत धरली. एका आकडीत चमचा निसटला. त्यांनी बोट घातलं. मी ते हाडापर्यंत चावलं.

मी! मला काही माहीत नाही.

साक्रीत मोटारीचा ड्रायव्हर छगन नाही म्हणाला — बाई वाटेत मेली तर? सासूबाई म्हणाल्या, "मरनी त मना मांडीवर मरी. तू हाक मोटार." बाकीचे उतारू आपण होऊन खाली उतरले. हे तिथेच भेटले, मोटारीत चढले. कौतिक गाडी घेऊन परतला.

"आणि बाळ, कौतिक?"

तो पागोटं सारखं करायला लागला. "मले काही माहीत नही, मास्तरीणबाई."

आता पक्कं झालं. गेलं असणार. मला सांगत नाहीत, पुन्हा आकडी येईल म्हणून. आणि सासूबाई कुठल्या तोंडाने येतील माझ्यापुढे? मी त्यांचं बोट चावलं, त्यांचं नातवंड घालवलं.

ता. २८ डिसेंबर

जेवले नाही. प्रमिलाबाई रागावल्या. रागावू देत. पिळलेलं दूध आज मुद्दाम सांडलं. त्यांचा चेहरा असा झाला की — का? सांडलेल्या दुधाला एवढं काय?

ता. २९ डिसेंबर, बुधवार

आजचं आजच लिहिते.

दुपारी प्रमिलाबाई जेवायला गेल्या. मी उठले. सतरा दिवसांनी पाय जमिनीला लागले, जमीन गार आणि हलती. भिंत धरली. दाराबाहेर एवढा उजेड, की डोळ्यांवर हात धरूनच चालले. पुरलेली जागा बघायला निघाल्यासारखी चालत होते. कुणाला तरी विचारीन, पाय धरीन, पण आज खरं ऐकूनच परतेन — एवढंच डोक्यात.

पडवीच्या टोकाच्या खोलीतून खोकला ऐकू आला. हा खोकला मी रोज पहाटे ऐकते, जात्याच्या आवाजासोबत. दार ढकललं.

आत शेगडी पेटलेली. डिसेंबर असला तरी घाम फुटावा इतकी ऊब. सासूबाई भिंतीला टेकून जमिनीवर बसलेल्या, अंगावर गोधडी. उजव्या हाताच्या बोटाला मोठं बांधलेलं. मला बघून त्या ओरडल्या नाहीत. का उठलीस म्हणून नुसत्या पुटपुटल्या, "उठनी काब्रं? चक्कर ई ना. आठे बठ."

मी त्यांच्यापुढे कोसळल्यासारखी बसले. "सासूबाई, एकदा खरं सांगा. कधी गेलं?"

त्यांनी गोधडी बाजूला केली. चोळी मोकळी. उघड्या छातीवर, कापसात गुंडाळलेलं, माझ्या दोन तळव्यांत मावेल एवढं — लाल, सुरकुतलेलं, कानांवर लव असलेलं. आणि त्याची पाठ हलत होती. वर-खाली. वर-खाली.

"तुनी आंडेर शे," सासूबाई म्हणाल्या. "जिती शे. हात लाव."

मुलगी. माझी मुलगी. मी बोट लावलं. ती गरम होती!

मग प्रमिलाबाई धावत आल्या, आणि रागावण्याऐवजी त्याही खालीच बसल्या. त्यांनी सांगितलं ते असं — आठ महिन्यांची, जन्मली तेव्हा रडलीसुद्धा नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठवडाभर काढला तर बघू. आणि जगेल अशी खात्री होईपर्यंत आईला दाखवू नका, दाखवलं आणि गेलं तर आईही जाईल. गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या, त्या घटकेत गार व्हायच्या. सासूबाईंनी बाटल्या काढून टाकल्या आणि मूल अंगाला लावून घेतलं. तेव्हापासून त्या आडव्या झालेल्या नाहीत. जेवतातही बसल्या जागी. वाटीतलं माझं दूध कापसाच्या वातीने थेंब-थेंब हिच्या तोंडात जातं.

आणि काल मी ते सांडलं!

सासूबाईंच्या बोटाकडे बघितलं. दुखतं का, विचारायचं होतं. त्यांनीच डाव्या हाताने माझे केस मागे सारले, जसे मी लहान असताना आई सारायची, आणि म्हणाल्या, "आते जेव."

जेवले. दोन भाकरी.

ता. ५ जानेवारी १९३८

आज स्वतः ओढलं तिने! चार घोट. मग दमून झोपली. मीही.

ता. ११ जानेवारी

खिडकीवरचं कापड काढलं. मुलगी शिंकली. डॉक्टरीणबाई हसल्या — मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. हे दारात उभे राहून तिच्याकडे बघतात, जवळ येत नाहीत. घ्या म्हटलं तर म्हणतात, हातून निसटेल. दिपोटी येऊन गेले, शेरा चांगला मिळाला म्हणून सांगत होते.

ता. १७ जानेवारी, सोमवार

आज घरी सोडलं. निघताना प्रमिलाबाईंनी रजिस्टर पुढे केलं — "तुम्हाला लिहिता येतं ना? इथे सही करा." केली. वरच नोंद होती, तेरा डिसेंबरची, माझ्या नावाची. शस्त्रक्रियेस संमती: सासू, ताईबाई. पुढे डाव्या अंगठ्याचा निळा ठसा.

मी दोनदा वाचलं. यांची सही कुठेच नव्हती.

"मास्तर कागद बघून बाहेर निघून गेले होते," प्रमिलाबाई हळूच म्हणाल्या. "शिपायाने पांझरा नदीच्या काठावरून शोधून आणलं, तोवर सगळं झालं होतं."

टांगा आला. चढायला यांनी हात पुढे केला. मी सासूबाईंचा धरला.