अण्णांना चढवलेलं रक्त

अण्णा, आई गेली. तिनं मला घातलेली शपथही तिच्याबरोबर गेली, म्हणून आता सांगतो.

त्या दुष्काळी साली तुम्ही दूध सोसायटीचे चेअरमन होता. सोसायटीच्या आवारात रक्तदानाचं शिबिर होतं आणि पेपरात एड्स नावाच्या त्या नव्या बीमारीच्या बातम्या यायला लागल्या होत्या. मी बाही वर करून खाटेवर पडलोय आणि तुम्ही सगळ्या गावासमोर म्हणताय, "डॉक्टर, ह्याचं घेऊ नका. गड्यांच्या नादी लागलाय हा. ती बीमारी असंल ह्याला." जळकोटच्या बाजारात मी एका मित्राचा हात धरला होता, तेवढंच तुमच्या कानावर आलेलं. त्यापलीकडं मी तोवर कुणाला शिवलोही नव्हतो. लोक हसले. घरी आलो तर माझं ताट, अंथरूण गोठ्यात. "जनावरांत ऱ्हा," म्हणालात.

उन्हाळ्यात तुम्हाला रक्ताची उलटी झाली. उमरग्याला नेलं. पोटातला व्रण फुटला होता, रक्त लगेच हवं होतं. काकांचं जुळेना. सोसायटीतली तुमची माणसं एकेक करून चहाला म्हणून गेली, ती आलीच नाहीत. माझं जुळलं. मी डॉक्टरांना शिबिरातलं सगळं सांगितलं.

"कुणाशी संबंध आलाय?"

"न्हाय."

"मग झोप इथं."

आईनं माझा हात घट्ट धरला. "त्यास्नी कळलं तर सुई उपटून मरतील. शपथ हाय तुला."

तिनं तुम्हाला सांगितलं, एक पैलवान देऊन गेला. मग तुम्ही गावभर दंड थोपटत फिरलात, "लई तगड्या मर्दाचं रक्त हाय!" मी गोठ्यात बसून ऐकत होतो.

तर ऐका, अण्णा. तो मर्द मी. त्यानंतर गळ्यात पडलेला प्रत्येक हार तुम्ही माझ्या रक्तावर मिरवलात. पुढं मी तपासणी करून घेतली, माझ्यात काही निघालं नाही. ती बीमारी हायवेवरच्या ट्रकांबरोबर आली आणि तुमच्या लग्न झालेल्या, अब्रूदार पाहुण्यांच्या घरांत शिरली. तरी रक्तपेढीत नियम दाखवून परत पाठवतात ते आजही आम्हालाच. तुम्ही मेलात, पण तुमचं बोलणं सरकारी झालं.

हे तुम्ही अंथरुणाला खिळला होता तेव्हा तोंडावर सांगायचं होतं. तुमचा चेहरा उतरलेला बघायचा होता. आता हा कागद कुठं पाठवणार!

उमरग्याला तुमच्या पांढऱ्या ओठांवर रंग आला, तेव्हा मी बाहेर जाऊन आनंदानं रडलो होतो. त्या रडण्याचा मला अजून राग येतो.