आईची धून

डर्मिडदादा,

आज दुपारी चौकात उघड्यावर मी फिडलवर आपली घरची धून वाजवणार आहे. ऊन पडलंय, अख्खा क्लेअर परगणा जमलाय. वाजवण्याआधी धून कुणाची ते सांगायचं, ही आपली रीत. आजवर आपण बाबांचंच नाव घेत आलो. पण ती आईनं धारा काढताना रचली, हे आपल्या दोघांना ठाऊक आहे. तू म्हणायचास, "गेलेल्या माणसाचं नाव कशाला खराब करतेस?" आणि जिवंत माणसाचं काय रे?

आज मी आईचं नाव घेणार. तू अडवलं असतंस, म्हणून आधी कळवलं नाही; हे पत्रही नंतरच टाकीन.

आई म्हणाली, "उगाच तमाशा नको, सोरखा." पण कानातलं यंत्र ती चर्चमध्येसुद्धा लावत नाही, ते आज लावून पहिल्या रांगेत बसली आहे.

तुझी हट्टी बहीण,
सोरखा