वाढलेल्या बांगड्यांचा आवाज

नेपरव्हिल,
डिसेंबरातला पहिला रविवार

तीर्थरूप मावशीस,

यतीनचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे मनातल्या मनात. बाहेर घोटाभर बर्फ आहे आणि माझी कंबर तुला माहीत आहे.) नावाआधी काय लिहावं, इथेच माझं घोडं अडलं. आजवर हात आपोआप 'सौ.' लिहायचा. या वेळीही लिहून गेला, म्हणून कागद फाडला. दुसऱ्या कागदावर 'श्रीमती' लिहिलं, तर ते बँकेच्या मॅनेजरबाईंना कर्जाचा अर्ज केल्यासारखं दिसायला लागलं, म्हणून तोही फाडला. शेवटी नुसती मावशी ठेवली. एकनाथकाकांना जाऊन दोन महिने होत आले, मला अजून पत्राचा मायना जमत नाही, तर तुला अख्खा दिवस कसा जमत असेल हे विचारायचीही हिंमत होत नाही. तरी विचारतो. गुडघा कसा आहे? नीट जेवतेस ना, की एकटीसाठी कशाला चूल पेटवायची म्हणून ताकभातावर भागवतेस? व्हिसाचे कागद नेमके तेव्हाच अडकले आणि मला येता आलं नाही. शाळेची सगळी वर्षं ज्या घरात जेवलो, त्या घरातला माणूस गेला आणि मी इथे लॅपटॉपसमोर बसून होतो. याचं फार वाईट वाटतं, मावशी.

आता तू म्हणशील, खिशात फोन असताना हे पत्राचं खूळ कुठून काढलं? तर तू फोन उचलत नाहीस म्हणून. त्या दिवशी लाईल स्टेशनवरून आपण व्हिडिओवर बोललो, आमच्या सईनं तुला एक प्रश्न विचारला, तू 'रेंज जातेय रे' म्हणालीस, आणि तेव्हापासून सांगलीची रेंज काही परत आलेली नाही. (शेजारच्या राधिकाताईंना फोन करून विचारलं. त्यांच्याकडे रेंज उत्तम आहे, आणि त्यांच्या नणंदेच्या मुलाचं लग्नही ठरलं आहे.) सईनं ते का विचारलं, हे तुला कळावं म्हणून आमच्या रेल्वेप्रवासाची साद्यंत हकिगत सांगणं भाग आहे. कागदाची रेंज जात नाही, तेव्हा ऐकून घे.

सईचं तुला अर्धंमुर्धं माहीत आहे. आपल्या कानांच्या दारात एक दरवान बसलेला असतो. तो कामाचे तेवढे आवाज आत सोडतो आणि बाकीच्यांना बाहेरूनच वाटेला लावतो. सईचा दरवान जन्मापासून रजेवर आहे. फ्रिजची घरघर, माझ्या जाकिटाची सळसळ, ट्यूबलाइटची जी गुणगुण तुला-मला ऐकूही येत नाही ती, सगळे एकदम आत घुसतात, आणि वास व उजेड त्यांच्या पाठोपाठ. मग ती कान दाबून खाली बसते आणि लोकांना वाटतं की पोरगी हट्टी आहे. गंमत अशी, की या मुलीला जगात सगळ्यांत जास्त आवडते ती ट्रेन. म्हणजे कागदावरची. चित्रं काढून घराच्या भिंती भरल्या आहेत, वेळापत्रक तोंडपाठ आहे, फक्त खरी ट्रेन आली की ती माझ्या पोटात डोकं खुपसते. आणि तिला जायचं होतं शिकागोच्या मत्स्यालयात, जेलीफिश बघायला. जेलीफिश आवाज करत नाहीत आणि त्यांना कानही नसतात, असं तिनं पुस्तकात वाचलं होतं. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून म्हणाली, "लकी."

गाडीनं का नेलं नाहीस, असं माझ्या सासूबाईंनी, देवयानीच्या आईनंही विचारलं. नेलं असतं. पण जेलीफिशकडे ट्रेननंच जायचं, हे सईचं ठरलं होतं, आणि तिच्या थेरपिस्ट बाईही म्हणाल्या की मुलीला स्वतःला जायचंय तर पायरी पायरीनं सवय करा. मग आम्ही सवय केली. पहिल्यांदा स्टेशनच्या पार्किंगमध्ये गाडीच्या काचा लावून बसलो. मग एक काच उघडून बसलो. मग फलाटावर गेलो आणि ट्रेन यायच्या आत परत पळालो. (ट्रेन चुकू नये म्हणून धावणारे लोक तू पाहिले असशील, ती येऊ नये म्हणून धावणारे आम्हीच.) बापलेक रोज येतात आणि कुठेच जात नाहीत, हे बघून तिथल्या कॉफीवाल्या बाईनं आम्हाला घरदार आहे ना, अशी मायेनं चौकशीसुद्धा केली. अखेर शिक्षकांच्या कसल्याशा ट्रेनिंगमुळे शाळेला सुट्टी मिळाली, तो मंगळवार आम्ही पक्का केला. देवयानीला ऑफिस होतं. तिनं सईच्या कानांवर निळे हेडफोन चढवले, माझ्या खिशात दुसरी लोकरी टोपी, च्युइंगम आणि गोधडीचा तुकडा कोंबला आणि निघताना माझ्याकडे असं बघितलं, की चंद्रावर निघालो असतो तरी बरं वाटलं असतं.

इथे सकाळच्या गाड्यांना एक 'शांत डबा' असतो. त्यात बोलायचं नाही, फोन वाजू द्यायचा नाही. आपल्याला याहून काय हवं, म्हणून आम्ही त्यात चढलो. आणि मला त्या दिवशी कळलं की शांतता ही फार आवाजी गोष्ट आहे. कोणी बोलत नसल्यामुळे बाकीचं सगळंच ऐकू येतं. समोरचा माणूस सफरचंद खात होता, त्याचा प्रत्येक घास मी पाठ केला. मागे एक बाई बॅगेची चेन उघडायची, आत बघायची आणि बंद करायची. हीटर घुमत होता, ओल्या कोटांचा वास सुटला होता, वरचा दिवा फडफडत होता. सईनं माझा अंगठा धरला होता आणि ती तो पिळत होती, पण बसली होती, मावशी. माझी पोर ट्रेनमध्ये बसली होती! मला इतका आनंद झाला की देवयानीला फोटो पाठवावा म्हणून मी फोन काढला, आणि तेवढ्यात आमच्या मंडळाचे गुरुदत्तराव आले. अंगावर अत्तर इतकं, की आधी वास आला आणि मग ते. शांत डब्याचा नियम पाळायचा म्हणून ते कुजबुजत बोलले, आणि कुजबुजीतले ते 'स' आणि 'श' सईला सर्वांत जास्त टोचतात. "अरे यतीन, व्हॉट अ सरप्राइज यार! सई बेटा, हाय फाइव्ह! अरे, मुलांना एक्स्पोज करायला पाहिजे. मी तर लहानपणी ढोलपथकाच्या शेजारी झोपायचो." ते कसे झोपायचे याचं वर्णन सुरू असताना शेजारच्या रुळावरून मालगाडी भोंगा वाजवत गेली, त्याच क्षणी वरून घोषणा झाली, आणि गुरुदत्तराव दचकले नि त्यांची कॉफी सांडली.

सईनं हेडफोन ओरबाडून फेकले आणि ती सीटखाली गेली. बाहेरचे आवाज झाकायला ती स्वतः एक लांबलचक 'ऊं' सुरू करते, तो तिनं लावला. अख्खा डबा वळून बघायला लागला. कोणीतरी म्हणालं की हा शांत डबा आहे. मी त्या कॉफीत गुडघे टेकून बसलो होतो, टोपी, च्युइंगम, गोधडी सगळं एकेक करून सीटखाली सरकवत होतो, आणि सगळं परत बाहेर येत होतं. शेवटी मी फोनवर तुझी गुळपोळी लावली.

हे तुला कधी सांगितलं नव्हतं. गेल्या संक्रांतीला तू मला गुळपोळीची कृती बोलून पाठवली होतीस ना, गूळ मळता मळता? त्यात तुझ्या बांगड्या वाजतात. सईला कृतीशी देणंघेणं नाही, पोळीही आवडत नाही, पण त्या बांगड्या ती रोज झोपताना ऐकते. तो एक आवाज तिच्या रजेवरच्या दरवानाच्या जागी बसतो आणि बाकीच्यांना बाहेर काढतो. घाईत मी आवाज पूर्ण मोठा केला, तेव्हा शिकागोला निघालेल्या त्या सगळ्या सुटाबुटातल्या मंडळींनी तुझं ऐकलं: "यतीन, गूळ किसून घे, आळशीपणा करू नकोस मेल्या," आणि मग छन्, छन्, छन्. सफरचंदवाल्यानं चावणं थांबवलं. 'ऊं' हळूहळू खाली आला. आणि अगदी शेवटी, तुला आठवत नसेल, काका आतून विचारतात, "झालं का गं?" ते मी विसरलोच होतो. मी तिथे कॉफीत बसून रडलो. गुरुदत्तराव खिडकीबाहेर बघत राहिले, आणि पुढे काही कुजबुजले नाहीत.

कंडक्टर आला. भला माणूस होता, पण नियम म्हणजे नियम. आम्ही पुढच्याच स्टेशनवर, लाईलला, उतरलो. सांगलीहून दिल्लीला निघून शेजारच्या माधवनगरला उतरावं, तसा आमचा प्रवास. फलाटावरच्या काचेच्या खोलीत बसलो तेव्हा सई म्हणाली, रेकॉर्डिंग नको, आजीलाच लाव. सांगलीत संध्याकाळ होती. तू दिसलीस, योगायोगानं कणीकच मळत होतीस. आणि काहीच वाजलं नाही. ती स्क्रीनकडे कधी बघत नाही, तुला कानांनीच ओळखते. तिनं फोन कानाला लावला, हलवून पाहिला, आणि तुला विचारलं, "आजी, बांगड्या कुठे?" बांगडी 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढली' म्हणायचं, हे लहानपणी तूच मला टपली मारून शिकवलेलं. म्हणून मी म्हणालो, "त्या वाढवल्या गं." सईला वाढणं दोनच प्रकारचं माहीत: ताटात वाढणं आणि उंची वाढणं. ती म्हणाली, "देन इट शुड बी लाउडर, बाबा."

त्यावर तुझी रेंज गेली.

तिनं टोचून विचारलं नव्हतं, मावशी. तिला टोचून बोलता येतच नाही. एवढंच सांगायचं होतं. थंडीत गुडघ्याला शेक दे आणि रात्रीचं जेवण चुकवू नकोस. देवयानीचा नमस्कार.

तुझा,
यतीन

ता. क. मेतकूट संपलं आहे. कोणी इकडे येणार असेल तर पाठव.

ता. क. दुसरा. मेतकुटाचं खोटं आहे, अर्धी बरणी शिल्लक आहे. मागायचं होतं ते दुसरंच, आणि एवढी पानं लिहूनही तोंडातून निघेना. मावशी, बांगड्या घाल. चार लोक काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, पण डोळे गेल्यावर काका तुला कशावर ओळखायचे, हे त्या चार लोकांना ठाऊक नाही. तू स्वयंपाकघरातून निघालीस की ते खाटेवर सरकून तुझ्यासाठी जागा करायचे, तू दारात यायच्या आधी. ते गेले म्हणून त्यांची ही खूण काढून ठेवायची, हे मला सईला समजावता आलं नाही. तिला समजावताना मलाही समजेना. सई म्हणते सोन्याच्या नकोत, त्या वाजत नाहीत, काचेच्या हव्यात. हिरव्याच पाहिजेत असं नाही. आवाजाला रंग नसतो, म्हणे.

ता. क. तिसरा. सोबतच्या खोक्यात सईचे निळे हेडफोन आहेत. तिनं स्वतः बांधले, मला हात लावू दिला नाही. तिच्या हिशेबानं, एखादा माणूस आपल्या अंगावरचा आवाज काढून ठेवतो तो एकाच कारणानं: त्याला सगळंच फार मोठ्यानं ऐकू यायला लागलेलं असतं. तेव्हा तुझं ऐकू येणं कमी होईपर्यंत ते तू वापरायचेस. तिच्याकडे दुसरे नाहीत, म्हणून ट्रेन तूर्त बंद आहे. रविवारी सकाळी आम्ही फोन करू. उचल. बोललं नाहीस तरी चालेल, नुसता हात हलव.